दोष कोणाचाच नसताना

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ वेंगुर्ले, मालवण, देवगड या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले, तेव्हा त्याने घरांची कौले उडविली, होड्या फोडल्या आणि वाडवडिलांनी जोपासलेले माड व आंब्याची कलमे एका दिवसात आडवी केली. त्यानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक दारोदार फिरून पंचनामे करू लागले, आणि माड पडला यात सरकारचा हलगर्जीपणा तुम्ही शाबीत करू शकता काय, असा प्रश्न त्यांनी माडाच्या धन्याला विचारण्याचे कारणच नव्हते. हानी झाली आहे, ती एकट्या कुटुंबाने सोसावी इतकी लहान नाही, आणि म्हणून सरकारी खजिन्यातून काहीएक रक्कम, अपुरी का होईना, त्याच्या पदरात पडली पाहिजे, ही वहिवाट आता कोकणात सर्वांच्या परिचयाची झाली आहे. त्याच सुमारास त्याच गावांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे लोक करोनाच्या लशीसाठी रांगा लावून उभे होते. त्या रांगेतील एखाद्या मनुष्याला, लस शुद्ध असताना आणि टोचणाऱ्या नर्सबाईंचा हात निर्दोष असताना, केवळ त्याच्या शरीराच्या एखाद्या अज्ञात वैगुण्यामुळे कायमची इजा झाली असती, तर त्याच्यासाठी मात्र भरपाईची कोणतीही तरतूद नव्हती. त्याने दिवाणी न्यायालयात जावे, आणि कोणीतरी कसूर केली हे पुराव्यानिशी सिद्ध करावे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता.

अशा इजेची भरपाई कोणी द्यावी, हा प्रश्न विचारणारा मनुष्य लशींचा वैरीच असला पाहिजे, हा समज आपल्याकडे फार लवकर करून घेतला जातो, आणि तो मला सर्वथा अन्याय्य वाटतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचली गेली, १९८० मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. या तीन तारखांच्या दरम्यान किती डोळे आणि किती पाय वाचले याचा हिशेब कोणाला मांडता येणार नाही. परंतु ज्या उपायाने कोट्यवधींचे कल्याण होते, तो उपाय एखाद्याच्या वाट्याला अनर्थ होऊन येऊ शकतो, ही गोष्टही तितकीच सत्य आहे, आणि वैद्यकशास्त्राने ती कधी लपवून ठेवलेली नाही. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओच्या थेंबांत दुर्बल केलेला परंतु जिवंत विषाणू असतो. पंचवीस-तीस लाख मात्रांमागे एखाद्या बालकाला त्या विषाणूपासूनच पक्षाघात होतो, आणि हे घडते तेव्हा कारखान्यात, शीतपेटीत, अंगणवाडीत किंवा आईच्या मांडीवर कोणाचीही चूक झालेली नसते. कोकणातील वडीलधाऱ्या मंडळींना कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवत असतील. ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली असे, डेव्हिड सेम्पल यांनी १९११ च्या सुमारास कसौली येथे तिची पद्धत बसविली होती, आणि मेंदूच्या त्या अंशामुळेच काही हजार रुग्णांमागे एखाद्याच्या मज्जासंस्थेवर आघात होऊन त्याचे हातपाय लुळे पडत. हे ठाऊक असूनही ती दिली जात असे, कारण पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा आणि निश्चित मृत्यू यांच्या मध्ये दुसरे काही उभे नव्हते. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले.

लशीमुळे मृत्यू झाला असता समाजाची बुद्धी कोणत्या वाटेने जाते, याचे मुंबईशी निगडित असलेले एक जुने प्रकरण प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असावे असे मला वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि वाल्डेमार हाफकिन या संशोधकाने अल्पावधीत त्यावर लस सिद्ध करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल नावाच्या खेड्यात परळहून गेलेल्या पाच बाटल्यांतून एकशे सात जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या एकोणीस जणांना ती मिळाली, ते सर्वच्या सर्व धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः मुलकोवाल येथे बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो योग्य रीतीने निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता. परंतु ही साक्ष तिच्या योग्यतेप्रमाणे वजनात धरली जाण्यास वर्षे लागली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या नामवंतांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रातून आवाज उठविल्यानंतर हाफकिन यांच्यावरील कलंक धुऊन निघाला, आणि १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले.

हाफकिन यांना अखेर न्याय मिळाला याचे समाधान आहेच. मात्र पाच वर्षे चाललेल्या त्या वादात पणाला लागले होते ते एका शास्त्रज्ञाचे निर्दोषत्व. त्या एकोणीस घरांत मागे राहिलेली माणसे वादाचा विषय नव्हती. अपराधी कोण, या एकाच प्रश्नाभोवती सगळी यंत्रणा फिरू लागली की ज्याची हानी झाली तो मनुष्य मूळ प्रश्नातून हळूहळू बाहेर पडतो, आणि दोष शाबीत झाला नाही म्हणजे जणू हानीच झाली नाही, असा विपरीत अर्थ व्यवहारात रूढ होतो. आपला आजचा कायदा पुष्कळ अंशी याच वळणाचा आहे.

वैद्यकीय निष्काळजीपणाविषयीचा आपल्या देशातील पायाभूत निर्णय कोकणच्या किनाऱ्यावरच जन्माला आला, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. ६ मे १९५३ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा पुढे १९८१ मध्ये झाला. त्या काळी मालवण आणि पालशेत एकाच जिल्ह्यात होती, आणि अवघड दुखणे घेऊन घाट चढावा लागे ही स्थितीही दोन्हीकडे सारखीच होती. त्या मुलाला मोटारीने पुण्याला नेण्यात आले, तेथे भूल न देता त्याचे हाड बसविण्यात आले, आणि त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. आईवडिलांनी दावा लावला. तो पायरीपायरीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २ मे १९६८ रोजी, म्हणजे पंधरा वर्षांनी, तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार करावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, अशा तिन्ही टप्प्यांवर वैद्याने वाजवी दक्षता बाळगली पाहिजे, हे तत्त्व त्या निर्णयाने घालून दिले, आणि आजही देशातील न्यायालये त्याचा आधार घेतात.

दुसरे प्रकरण औरंगाबादचे. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका स्त्रीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली, पोटात कापडाचा बोळा राहून गेला, आणि थोड्याच दिवसांत ती दगावली. रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, सबब भरपाईची जबाबदारी राज्यावर येत नाही, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी १९९६ रोजी अमान्य केला, बोळा पोटात सापडणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा मानला, आणि छत्तीस हजार रुपयांचा मूळ हुकूमनामा पुनःस्थापित केला. तेहेतीस वर्षे लोटली होती. तरीही सरकारी केंद्रातील कर्मचाऱ्याच्या चुकीबद्दल सरकारला न्यायालयात खेचता येते, ही गोष्ट या निर्णयाने पक्की झाली, आणि लसीकरण बहुतांशी सरकारी केंद्रांतच होत असल्यामुळे तिचे मोल मोठे आहे.

चूक उघड असेल तेथे हा कायदा उपयोगी पडतो. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे जंतुनाशक पाजले गेले, मुले रुग्णालयात दाखल झाली आणि तीन कर्मचारी निलंबित झाले. असल्या प्रसंगी दोष कोणाचा हे शोधण्यास दुर्बीण लागत नाही. परंतु पोलिओच्या थेंबांपासून ज्या बालकाला पक्षाघात झाला त्याच्या पित्याने कोणाविरुद्ध फिर्याद करावी? त्याच्या प्रकरणात निष्काळजीपणा नाहीच, आणि म्हणून पालशेतचा निर्णय त्याच्या कामाचा नाही, औरंगाबादचाही नाही.

ग्राहक कायद्याची वाटही अरुंद आहे. खाजगी रुग्णालयात पैसे मोजून लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नेता येते, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाबद्दल उत्पादकालाही जबाबदार धरले आहे. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य सेवा मिळते असे सरकारी रुग्णालय या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरविले. मसुरे, आचरे किंवा चौके येथील आरोग्य केंद्रात फुकट लस घेणारी मच्छीमाराची किंवा शेतमजुराची मुलगी अशा रीतीने ग्राहक ठरत नाही, आणि ज्याच्या खिशात पैसे होते तो मात्र ठरतो.

मग सरकारी पातळीवर काहीच होत नाही काय? होते, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. लसीकरणानंतर घडलेल्या कोणत्याही अनिष्ट घटनेची नोंद आणि चौकशी करण्याची व्यवस्था देशात १९८८ पासून आहे. आरोग्य खात्यात तिला ए.ई.एफ.आय. या आद्याक्षरांनी ओळखतात. मृत्यू, रुग्णालयात भरती व्हावे लागणे किंवा अपंगत्व येणे अशी गंभीर घटना घडल्यास चोवीस तासांच्या आत तिचा अहवाल जिल्ह्याकडे जावा, दहा दिवसांत प्राथमिक चौकशी व्हावी, सत्तर दिवसांत अंतिम चौकशी पुरी व्हावी, आणि मग राज्याच्या व केंद्राच्या तज्ज्ञ समित्यांनी कार्यकारणसंबंध ठरवावा, असा क्रम आहे. घटना लशीच्या अंगभूत गुणधर्मामुळे घडली, उत्पादनातील दोषामुळे, टोचण्यातील चुकीमुळे, सुईच्या भीतीमुळे, की लशीशी संबंध नसलेल्या दुसऱ्याच आजाराने, याचा निवाडा ही समिती देते. पुरावा अपुरा असेल तर प्रकरण अनिर्णित किंवा वर्गीकरणास अयोग्य म्हणून बाजूला पडते. लशीनंतर घडले ते सर्व लशीमुळे घडले असे मानणे सत्याला सोडून होईल, कारण कोट्यवधी माणसांना लस दिली जाते तेव्हा त्यांपैकी काहींना त्याच आठवड्यात हृदयविकार होणारच होता, काही अर्भके त्याच महिन्यात दुसऱ्या व्याधीने दगावणारच होती. म्हणून हे काटेकोर पृथक्करण आवश्यकच आहे. खरी उणीव पुढे आहे: एवढा खटाटोप करून समितीने ‘होय, हे लशीमुळेच घडले’ असा निर्वाळा दिला, तरी त्या निर्वाळ्याला जोडून एक रुपयाही कुटुंबाकडे जात नाही. तो कागद पुढच्या लशी सुरक्षित करण्यासाठी आहे, आणि ज्याच्या दुःखातून तो तयार झाला त्याच्यासाठी नाही.

करोनाच्या काळात हे व्यंग उघड्यावर आले. देशात दोनशे वीस कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या, आणि त्यामानाने गंभीर घटना फार थोड्या होत्या. मे २०२१ मध्ये राष्ट्रीय समितीने गंभीर घटनांच्या चारशे अठ्ठ्याण्णव प्रकरणांची छाननी करून रक्ताच्या गुठळ्यांची सव्वीस संभाव्य प्रकरणे निश्चित केली, म्हणजे कोव्हिशील्डच्या दहा लाख मात्रांमागे एकाहूनही कमी. लस घेतल्यानंतर मृत्यू पावलेल्या दोन मुलींच्या आईवडिलांनी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. महाराष्ट्रातील एका पित्याने आपल्या डॉक्टर मुलीच्या मृत्यूबद्दल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडे एक हजार कोटींची भरपाई मागितली. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला अशा मृत्यूंसाठी भरपाईचे धोरण आखण्यास फर्मावले, आणि त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शपथपत्रावर सांगितले की, लस घेणे ऐच्छिक होते, लस अन्य उत्पादकांनी बनविलेली होती, तेव्हा राज्याला थेट जबाबदार धरता येणार नाही, आणि ज्यांची हानी झाली त्यांनी दिवाणी न्यायालयात निष्काळजीपणाचा दावा लावावा. कायद्याच्या तराजूत या कैफियतीचे वजन असेल. न्यायाच्या तराजूत ते मला दिसत नाही. ज्या काळात लशीच्या दोन मात्रांच्या प्रमाणपत्राशिवाय मुंबईच्या लोकल गाडीत पाऊल ठेवता येत नव्हते, त्या काळातील स्वेच्छेला मर्यादा होत्या. आणि २ मे २०२२ रोजी, जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निर्णय देताना, कोणावरही लशीची सक्ती करता येत नाही असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने, सामान्य माणसाला आणि खाजगी डॉक्टरांना अशा घटनांची नोंद स्वतः करता यावी अशी सोय करण्याचा आदेशही दिला होता.

अन्य देशांनी हा पेच सोडविला तो एका साध्या विचाराने. लस मनुष्य स्वतःसाठी घेतो तशीच शेजाऱ्यासाठीही घेतो. गावातील बहुसंख्यांनी ती घेतली म्हणून न घेतलेले अर्भकही सुरक्षित राहते. तेव्हा या सामुदायिक लाभाची किंमत ज्या एकाच्या अंगावर पडली, ती सर्वांनी वाटून घ्यावी. जर्मनीने १९६१ मध्ये आणि फ्रान्सने १९६४ मध्ये तशी तरतूद केली, जपानने सत्तरीच्या दशकात, आणि ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा करून प्रारंभी दहा हजार पौंड ठरविले, जे आता एक लाख वीस हजार आहेत. मात्र साठ टक्के अपंगत्वाची अट तेथे आहे, आणि ती जाचक असल्याची तक्रारही आहे. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून लशीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितके रोग टाळते त्या प्रत्येकामागे पाऊण डॉलर कर बसविला आणि त्या निधीतून भरपाई सुरू केली. तेथे अर्जदाराला कोणाचाही दोष दाखवावा लागत नाही, हानी आणि लस यांचा संबंध तेवढा दाखवावा लागतो.

हे परदेशातले नवल आहे असेही मानण्याचे कारण नाही, कारण दोष न विचारता भरपाई देण्याचे तत्त्व आपल्या कायद्यांत ठिकठिकाणी नांदते आहे. मोटार अपघातात चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. सरकारी कार्यक्रमात संततिनियमनाची शस्त्रक्रिया होऊन मृत्यू आला किंवा शस्त्रक्रिया असफल ठरली, तर ठराविक रक्कम देण्याची योजना आहे. दोडामार्गात हत्तीने केळीची बाग तुडविली तर वनखाते पंचनामा करते. आणि सर्वांत लक्षणीय म्हणजे २०१९ च्या औषधविषयक नियमांनुसार नव्या लशीच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर विनामूल्य उपचार आणि, मृत्यू आल्यास, आठ लाखांचा पाया धरून वय व जोखीम यांच्या प्रमाणात भरपाई मिळते. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन चाचणीच्या स्वरूपात दिली जात होती तेव्हा तिच्या संमतिपत्रावर उत्पादकाने भरपाईची हमी लेखी दिली होती. म्हणजे तीच लस, तोच दंड आणि तीच इजा. परंतु परवान्याचा कागद बदलला की हक्क नाहीसा होतो. सर्व लशींना लागू पडेल असा दोषनिरपेक्ष भरपाईचा कायदा संसदेने केलेला नाही. तो व्हावा, त्याचा निधी केंद्र सरकार आणि उत्पादक यांनी मिळून उभारावा, समितीने लशीशी संबंध मान्य करताच रक्कम ठराविक मुदतीत जावी, आणि ज्या खात्याने लस टोचली त्याच खात्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती अपिलाचा निकाल नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कायद्याने लशीवरचा विश्वास उडेल ही भीती मला निराधार वाटते. आशाताई देवबागेतील एखाद्या साशंक आईच्या दारात उभी राहते तेव्हा ‘काही होणार नाही’ या आश्वासनापेक्षा ‘लाखांत एखाद्याला झालेच तर सरकार तुमच्या पाठीशी आहे’ हे वाक्य अधिक खरे आणि अधिक बळ देणारे ठरेल.

तो दिवस येईपर्यंत सिंधुदुर्गातील कुटुंबाने कागद जपले पाहिजेत. माता-बाल संरक्षण कार्डावर लशीचे नाव, तारीख आणि बॅच क्रमांक लिहिला आहे की नाही हे तेथल्या तेथे पाहावे. त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. नर्सबाई किंवा वैद्यकीय अधिकारी यांना लेखी कळवून गंभीर घटनेचा अहवाल पाठविण्याचा आग्रह धरावा. केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डाच्या प्रती घ्याव्यात. मृत्यू ओढवला तर शवविच्छेदनाला संमती देणे आईबापांच्या जिवावर येते, हे मी जाणतो. परंतु त्याच्या अभावी समितीला कारण ठरविणे फार अवघड होते आणि पुढची दारे बंद होऊ शकतात. समितीचा अहवाल मिळत नसेल तर ओरोस येथे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सरकारविरुद्ध दिवाणी दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि मृत्यूबद्दल वारसांच्या दाव्याची मुदत तसेच ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. इजा झालेले मूल अज्ञान असेल तर त्याच्या स्वतःच्या दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर मोजली जाते. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न घालता विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठण्याचीही गरज उरलेली नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील फिरत्या खंडपीठाच्या (सर्किट बेंच) अधिकारात आले आहेत.